डिस्ट्रिक्टचं कर्ज काउंटीच्या गळ्यात का?

मुलुंडकर: पवईच्या ऑफिसात अमेरिकन म्युनिसिपल बॉण्डच्या (स्थानिक संस्थांच्या कर्जरोख्यांच्या) फायली बघतो. एक सांडपाण्याचं डिस्ट्रिक्ट (म्हणजे जिल्हा नव्हे, फक्त त्या कामापुरती स्थानिक संस्था) बरखास्त झालं, त्याचे बॉण्ड काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखी) अंगावर घेतले आणि रिफायनान्सही केले, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडलं. हे लोढणं कशाला? उद्या साहेब विचारणार.

गिरगावचे काका (निवृत्त, बँक): अरे, डिस्ट्रिक्ट गेलं तरी पाइप आणि घरं तिथंच आहेत ना! रोखेधारकांचा करार असा उडवता येत नाही. आणि बहुतेकदा जुन्या हद्दीतली घरंच ती पट्टी भरत राहतात, अख्खी काउंटी नाही. कराच्या बिलावर वेगळी ओळ असते, बघ. काउंटीचं रेटिंग बरं असलं की व्याज कमी पडतं, म्हणून रिफायनान्स.

मुलुंडकर: मग कॉल डेटच्या (मुदतीआधी बॉण्ड फेडता येतात ती तारीख) दोन वर्षं आधीच का नाही उरकलं?

गिरगावचे काका: 2017 च्या करकायद्याने ती वाट बंद केली. करमुक्त नवे बॉण्ड काढलेस तर जुने 90 दिवसांत फेडायचे.

ठाण्याची_सीए: रिफायनान्स म्हणजे बचतच, असं धरू नका हं. अलाबामातल्या जेफरसन काउंटीने सांडपाण्याचंच कर्ज स्थिर व्याजावरून बदलत्या व्याजावर नेलं, वर स्वॅपचा (व्याजदरांच्या अदलाबदलीच्या करारांचा) सोस. 2008 मध्ये व्याज भडकलं, 2011 मध्ये दिवाळखोरी. सुमारे 3 अब्ज डॉलर नुसत्या गटारांचे!

मुलुंडकर: बापरे. बिलात ती ओळ सापडली, जुन्या डिस्ट्रिक्टच्या नावानेच. स्वॅप कुठे दिसेल?

ठाण्याची_सीए: काउंटीच्या वार्षिक ऑडिटमध्ये, कर्जाच्या टिपांत. व्याज स्थिर असेल तर निवांत झोपा.