ऑडिटच्या सीझनमध्ये आयपॅडवरचं बुलेट जर्नल किती कमी करावं?

लेजर_लेखणी

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करते आणि गेल्या दिवाळीपासून आयपॅडवर गुडनोट्स या हाताने लिहायच्या अ‍ॅपमध्ये बुलेट जर्नल, म्हणजे छोट्या खुणांनी कामं आणि नोंदी लिहायची वही, ठेवते. विकतचा हायपरलिंकवाला प्लॅनर आहे, महिन्यावर टॅप केलं की महिना उघडतो, तारखेवर टॅप केलं की त्या दिवसाचं पान. सुरुवातीला मस्त चाललं होतं, मूड ट्रॅकर, पाणी किती प्यायलं, खर्च, वाचलेली पुस्तकं, सीए फायनलच्या अभ्यासाचं वेगळं स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं), सगळं व्यवस्थित भरायचे.

आता ऑगस्ट संपत आला, घरी गणपतीची गडबड आणि ऑफिसात टॅक्स ऑडिट सुरू. ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट रिपोर्ट, ३१ ऑक्टोबरपर्यंत त्याच क्लायंट्सचे रिटर्न, मधेमधे दर महिन्याला ७ ला टीडीएस भरणं, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न हे आहेच. घरी येईपर्यंत जेवायचंही त्राण उरत नाही आणि जर्नल उघडलं की नुसते रिकामे चौकोन. पण पूर्ण बंद पण करायचं नाहीये, कारण सर केबिनमधून निघता निघता चार गोष्टी सांगतात आणि त्या तिथल्या तिथे लिहिल्या नाहीत तर गेल्याच.

तर या दोन-अडीच महिन्यांपुरतं काय ठेवायचं आणि काय काढायचं? आणि कुठल्या क्लायंटचं काम कुठवर आलंय ते जर्नलमध्ये ठेवावं का? टेम्प्लेटच्या लिंका नकोत प्लीज, तुम्ही स्वतः कसं करता ते सांगा.

ताळेबंद_पुणे

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. मी पुण्यात प्रॅक्टिस करतो, आमच्याकडे क्लायंटचं स्टेटस कुणाच्याही वैयक्तिक वहीत राहत नाही. एक शेअर्ड शीट असते, डेटा आला का, ३सीडीचा (टॅक्स ऑडिटच्या तपशिलाच्या फॉर्मचा) ड्राफ्ट झाला का, रिव्ह्यू झाला का, यूडीआयएन (सीएच्या सहीच्या कागदाचा ओळख क्रमांक), अपलोड, आणि शेवटचा कॉलम क्लायंटने आयकर पोर्टलवर अ‍ॅक्सेप्ट केलं का. हा शेवटचा कॉलम फार महत्त्वाचा, कारण आपण रिपोर्ट अपलोड केला तरी क्लायंटने त्याच्या लॉगिनमधून अ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, आणि २९ तारखेला नेमके त्यांचे फोन लागत नाहीत. ही माहिती तुमच्या आयपॅडमध्ये असेल आणि तुम्ही एक दिवस तापाने आडव्या पडलात तर ऑफिसला काहीच कळणार नाही. तुमच्या ऑफिसात अशी शीट नसेल तर सरांना विचारून तुम्हीच सुरू करा.

मग जर्नलमध्ये काय, तर फक्त तुमचा पुढचा हात कुठे लागणार ते. "हार्डवेअरवाले: क्लोजिंग स्टॉकची यादी मागायची." बस. "हार्डवेअरवाले: ऑडिट" असं लिहू नका, ते काम नाही, तो अख्खा डोंगर आहे, तो रोज पुढे ढकलला जाणार आणि रोज तुमचाच जीव खाणार.

दुसरं, तारखांची पानं या सीझनला सोडून द्या. २०२५ चंच बघा, ३० सप्टेंबरची तारीख आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर, आणि रिटर्नची १० डिसेंबरवर गेली. ज्यांनी प्लॅनरमध्ये रंगीत पेनाने आठवडे आखून ठेवले होते त्यांचं सगळं आखलेलं फुकट गेलं. कोरं पान घ्या, वर तारीख लिहा, खाली लिहीत सुटा, दिवस संपला की रेघ मारून त्याच पानावर पुढची तारीख. एखाद्या दिवशी दोनच ओळी, एखाद्या दिवशी दीड पान, काही बिघडत नाही. ७, ११, २० वगैरे ठरलेल्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये रिपीटवर टाका, दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावा, त्या दर महिन्याला हाताने उतरवण्यात काही अर्थ नाही.

आणि एक, क्लायंटचे पोर्टलचे पासवर्ड जर्नलमध्ये लिहीत असाल तर आजच काढा. सिंक होणाऱ्या वहीत ते नकोतच.

कोरं_पान

वरच्यांशी सहमत. थोडं मूळ पद्धतीबद्दल लिहिते कारण ती माहीत असली की काय काढायचं ते आपोआप कळतं. रायडर कॅरोल हा न्यूयॉर्कचा डिझायनर, लहानपणी त्याला अटेन्शन डेफिसिटचं निदान झालेलं, शाळेत लक्ष टिकवायला त्याने स्वतःपुरती ही पद्धत हळूहळू बसवली आणि २०१३ मध्ये सगळ्यांसमोर ठेवली. त्याच्या पद्धतीत आहे काय, तर अनुक्रमणिका, पुढच्या महिन्यांची यादी, चालू महिना आणि रोजच्या नोंदी. कामाला टिंब, कार्यक्रमाला गोल, टिपणाला आडवी रेघ, झालं की टिंबावर फुली. मूड ट्रॅकर, वॉशी टेप (सजावटीची नक्षीदार चिकटपट्टी), फुलाफुलांचे मथळे हे सगळं नंतर इन्स्टाग्रामवर चिकटलं. म्हणजे तुम्ही ते काढलंत तर जर्नल अर्धवट राहत नाही, उलट मूळचं होतं तसं होतं.

पण डिजिटलमध्ये एक खोच आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. कागदावर न झालेलं काम पुढच्या महिन्यात न्यायचं तर हाताने परत लिहावं लागतं, आणि तो कंटाळा मुद्दाम ठेवलेला आहे. परत लिहायचा कंटाळा येत असेल तर ते काम खरंच करायचंय का, असा तो प्रश्न आहे. गुडनोट्समध्ये आपण लॅसोने (लिहिलेलं निवडायच्या टूलने) गोल करतो, कॉपी करतो, पुढच्या पानावर पेस्ट, झालं. त्यामुळे मेलेली कामं पण पानामागून पान आपल्याबरोबर चालत राहतात आणि यादी कधीच लहान होत नाही. म्हणून माझा नियम असा की जर्नलमध्ये लॅसो फक्त जागा सारखी करायला वापरायचा, काम पुढे न्यायला कधीच नाही. पुढे न्यायचं तर पेन्सिलने परत लिहायचं. सीझनमध्ये हे रोज करू नका, रविवारी सकाळी चहा घेताना एकदाच. आठवड्याच्या नोंदी वरपासून वाचायच्या, जे राहिलंय त्यातलं जे खरंच हवंय ते नव्या पानावर, बाकीच्यावर रेघ.

शिवाय एक खूण वाढवा, मी "व" लिहिते, म्हणजे वाट बघतेय. "व कापडवाले, मार्चचं बँक स्टेटमेंट, सोमवारी सांगितलंय." तुमच्या कामात निम्मी कामं अशीच असणार, आपल्या हातात नसलेली. ती टिंबाच्या कामात मिसळली की दिवसभर राबूनसुद्धा काहीच झालं नाही असं वाटत राहतं. वेगळी खूण असली की दुपारी एकदा नुसते "व" शोधून पाच फोन सलग करून टाकता येतात.

खमंग_डोंबिवली

मी ऑडिटवाली नाही, पण सीझन माझाही आहे. घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, सप्टेंबरपासून डोकं ठिकाणावर नसतं. माझं जर्नल साध्या नोट्स अ‍ॅपमध्ये आहे, टॅब वगैरे नाही, कारण हात पिठाचे असतात आणि फोनला बोलून टाइप करता येतं. वर्षभर पाककृती, हिशोब, मुलाच्या शाळेचं, असं बरंच लिहिते पण सीझनला दोनच नोट्स पिन केलेल्या असतात. एक ऑर्डरींची आणि दुसरी उलट्या तारखांची.

ही उलट्या तारखांची तुम्हाला पण उपयोगी पडेल म्हणून सांगते. अनारसे वसुबारसेला हातात द्यायचे असतील तर तांदूळ तीन दिवस भिजत हवेत, रोज पाणी बदलून, मग निथळून सावलीत पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून गोळे करून ते पीठ पुन्हा चांगले पाच-सहा दिवस मुरायला हवं. म्हणजे वसुबारसेपासून मागे मोजत गेलं की तांदूळ भिजवायची तारीख निघते, आणि माझ्या नोटमध्ये तीच एक तारीख असते, वसुबारस नाही. चकलीची भाजणी दळून आणायची तारीख पण तशीच, कारण नंतर गिरणीत रांगा लागतात. शेवटची तारीख सगळ्यांनाच पाठ असते हो, आपल्याला लिहून ठेवायला हवी ती सुरुवातीची.

लेजर_लेखणी

किती छान लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. उलट्या तारखांचं तर एकदम पटलं, स्टॉकची यादी कधी मागायची ते ३० सप्टेंबरपासून मागे मोजून आजच काढते. शीटबद्दल सरांशी बोलले, ते लगेच हो म्हणाले. "व" पण सुरू केला.

दोन शंका राहिल्यात. ट्रॅकर सगळेच काढायचे का? मला थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि तो ट्रॅकर बघूनच लक्षात राहतं. आणि सीझन संपल्यावर मधली जी पानं रिकामी राहतील त्यांचं काय करता?

कोरं_पान

गोळीचा ठेवाच ना! तो सजावटीतला नाही, तो औषधाचा आहे. फक्त वेगळं पान नको, रोजच्या तारखेच्या शेजारी एक छोटं वर्तुळ काढा आणि गोळी घेतली की भरा, म्हणजे तारीख लिहितानाच ते दिसतं. पाणी, मूड, पुस्तकं वगैरे नोव्हेंबरपर्यंत बंद. अभ्यासाचं स्प्रेड पण बंद करा असं मी म्हणेन, या दिवसांत ते बघून फक्त अपराधी वाटतं, अभ्यास काही होत नाही.

ताळेबंद_पुणे

रिकाम्या पानांचं काही करू नका. विकतच्या प्लॅनरची फाइल आहे तशी राहू दे आणि या सीझनसाठी गुडनोट्समध्ये नवी कोरी नोटबुक करा, नाव "ऑडिट सीझन" आणि वर्ष. संपली की पीडीएफ करून ठेवा, क्लायंटचं नाव शक्यतो आद्याक्षरांतच लिहा म्हणजे ती पीडीएफ कुठे ठेवायची याची पण काळजी नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये ती उघडून बघा, कोणता क्लायंट कोणत्या कागदासाठी किती वेळा मागे लागायला लावतो ते सगळं तिथं असेल, आणि त्यांना जूनमध्येच पहिला फोन जाईल. आमच्या ऑफिसात तर नव्या आर्टिकलला पहिल्या आठवड्यात असंच एक जुनं जर्नल वाचायला देतो.

लेजर_लेखणी

हे भारीच आहे. नवी नोटबुक आत्ताच केली. @खमंग_डोंबिवली ताई, सांगलीला अनारसे पाठवता का हो?

खमंग_डोंबिवली

पाठवते की, कुरियरने नीट पोचतात. कोजागिरीच्या आत सांगा पण, पीठ मुरायला वेळ लागतो.