अनुभव धागा: पंच्याहत्तरीला हॉल नको, डोंगर हवा

आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूतले सगळ्यांत वडीलधारे अण्णा येत्या हिवाळ्यात पंच्याहत्तरी पूर्ण करतायत. मुलांनी सोलापुरात होटगी रोडला हॉल बघून ठेवला, केटररशी बोलणी झाली. अण्णा म्हणाले, "शाल, श्रीफळ घेऊन खुर्चीत बसायचं आणि आपल्याच चांगुलपणाची भाषणं ऐकायची? त्यापेक्षा मला कळसूबाईला न्या." घरी दोन दिवस अबोला. आता आम्हीच न्यायचं ठरवलंय, पण आमच्या कंपूला सिद्धेश्वर तलावाची फेरी सोडली तर चढ माहीत नाही. कुणी आपल्या ज्येष्ठ मित्राची साठी, सत्तरी, पंच्याहत्तरी डोंगरावर केली असेल तर लिहा. कुठं गेलात, कसे चढलात, काय खाल्लंत, घरच्यांना कसं गुंडाळलंत, सगळं चालेल.

जुळे सोलापूर:
आमच्या शाळेतल्या सरांची एकसष्ठी कळसूबाईवरच झाली, म्हणून आधी लिहितो. गाडी ठरवून संध्याकाळी निघालो. टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले असं करत बारी गावात पोचायला रात्र सरली. एक सल्ला: रात्रभर प्रवास करून तसंच चढायला लागू नका. आम्ही तिथं एक दिवस पडी टाकली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी बॅटऱ्या घेऊन निघालो.

शिखर 1646 मीटर. आपलं सोलापूर साडेचारशेच्या आसपास आणि तेही परातीसारखं सपाट. सरांची पहिली शिडी आली तेव्हाच आमच्या लक्षात आलं की "तुम्ही व्हा पुढं, मी येतो सावकाश" हे वाक्य फार धोक्याचं आहे. माणूस मागं एकटा पडतो, मग उगाच घाई करतो आणि दम लागतो. तिथून सरांना सगळ्यांत पुढं घातलं. ते थांबले की रांग थांबली. तरुण पोरं कुरकुरली, पण सर वर्गात चालायचे तसे हात मागं बांधून चालत राहिले. शिड्यांवर मात्र ते हात सोडवावे लागले. लोखंडी पायऱ्या पहाटेच्या दवानं गारठलेल्या. सर प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा शेजारी आणून ठेवायचे, लहान मूल जिना चढतं तसं. दोन्ही हात कठड्याला. बोलणं बंद.

वर देवीचं देऊळ एवढंसं आणि वारा असा की केकचा खोका कुणी उघडायलाच धजेना. मेणबत्ती तर विसराच. शेवटी शेंगापोळी मोडून सगळ्यांना वाटली. पावसाळ्यात जाऊ नका, शिड्या निसरड्या होतात. नवरात्रात जत्रा असते, तेव्हाही नको. शनिवार-रविवार टाळलात तर शिडीवर निवांत थांबता येईल, मागून "काका, चला की" म्हणणारं कुणी नसेल.

दमाणी नगर:
सराव कुठं करणार बे? सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेचा पूल. आम्ही तुळजापूरचा घाट चालत चढायचो, येडशीला रामलिंगला जायचो, नळदुर्गच्या उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या वरखाली करायचो. बाकी दिवस सोसायटीचा जिना. शेजारचे विचारायचे, लिफ्ट बिघडली का?

अशोक चौक:
माझ्या आईची मैत्रीण, आम्ही सगळे अक्काच म्हणतो. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. मांडीवर सूप, पाठ वाकलेली आणि सकाळपासून बैठक मोडायची नाही. तिची साठी करायची ठरली तेव्हा बायकांनी विचारलं, साडी घ्यायची का पैंजण? अक्का म्हणाली, "बसून बसून कंटाळले. कुठंतरी चढून जाऊ."

सिंहगड ठरला. आदल्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे, भाचीकडं मुक्काम, पहाटे आतकरवाडीच्या वाटेनं वर. सगळ्या साडीत. चपलांवरून आमचा वाद झाला, अक्कानं ऐकलं नाही, पहिल्या उतरंडीवरच चप्पल घसरली तेव्हा माझ्या मुलाचे बूट घालून पुढं चालली. नऊवारीखाली ते निळे बूट! वाटेत ताकवाल्या मावशींपाशी प्रत्येक ठिकाणी बसणं झालंच. बसली की तिथल्या मावशीला विचारायची, दिवसाचे किती सुटतात, पाणी कुठून आणता, पोरं शिकतात का. पुणे दरवाज्यापाशी पोचायला ऊन चांगलं चढलं होतं, पण मला वाटतं तिला गडापेक्षा त्या गप्पाच जास्त आवडल्या.

वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. अक्कानं भाकरीचा तुकडा मोडून बघितला आणि जाहीर केलं, "मऊ आहे." मग पिशवीतून आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघाली, शेजारच्या पुणेकरांनाही मिळाली. सोलापूरकरांना डोंगरावर यापेक्षा सोयीचं खाणं नाही. नासत नाही, सांडत नाही, पाण्याचीही वाट बघत नाही. फक्त चटणीनं तहान वाढते, तेवढं धरून चाला.

उतरताना गुडघे बोलायला लागले, तेव्हा गाडीरस्त्यानं जीपनं खाली आणलं. तिनंही हट्ट केला नाही.

सात रस्ता:
फिजिओथेरपीत आहे म्हणून थोडक्यात. गुडघ्याला खरा त्रास चढताना नाही, उतरताना होतो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार सावरत खाली सोडावा लागतो. दोन काठ्या द्या, एक नव्हे. बीपी-शुगरच्या गोळ्या डोंगराच्या दिवशी चुकवायच्या नाहीत. शुगरवाल्यांनी उपाशी चढायचं नाही, खिशात साखर ठेवायची. छातीत दडपण, घाम, डावा हात भरून येणं, यातलं काहीही झालं तर "पित्त असेल" म्हणत पुढं जायचं नाही. आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवूनच निघा.

शेळगी:
आम्ही सत्तरीच्या मित्राला उत्तराखंडातल्या तुंगनाथला नेलं. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, पुढं हरिद्वार, उखीमठ, चोपता. चोपत्यापासून देवळापर्यंत साधारण चार किलोमीटर फरसबंद वाट, पण देऊळ 3680 मीटरवर. तिथं वय नाही, हवा विरळ असते ती दमवते. म्हणून आधी दोन रात्री खाली काढल्या. त्याहून वर चंद्रशिला शिखर. आमचा मित्र सिद्धरामेश्वरांचा भक्त, गड्ड्याची यात्रा कधी चुकवली नाही. तुंगनाथाला हात जोडले आणि म्हणाला, "माझं दर्शन झालं. शिखर तुमचं तुम्ही बघून या." आमच्यातल्या एकानं फार आग्रह केला. मला तो पटला नाही. वाढदिवस ज्याचा, शिखरही त्यानंच ठरवायचं.

मुरारजी पेठ:
इथं सगळे नेणारेच बोलतायत. मी नेलेला आहे. पंच्याहत्तरीला मला पाली दरवाज्याच्या वाटेनं राजगडावर नेलं. मंडळी प्रेमळ, पण दर पाच मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" विचारायची. बरं वाटत होतं, उत्तर देऊन देऊन दम लागला. माझी पाण्याची बाटलीही कुणी मला उचलू देईना. अण्णांच्या पाठीवर त्यांची छोटी पिशवी राहू द्या.

आणि सत्कार. पद्मावती माचीवर देवळासमोर मला सोलापुरी चादर पांघरली, डबल बेडची. ती वर कुणी न्यायची यावर खाली गाडीपाशीच भांडण झालं होतं. उतरताना तर कुणीच घेईना, तेव्हा माझ्याच खांद्यावर टाकून पायथ्यापर्यंत आणली. अण्णांचा सत्कार गाडीजवळच उरकून घ्या.