परदेशातून केअरर येणं थांबलं. आता यूकेत या कामाचे पगार वाढतील का?

लेस्टरकर

२२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर (म्हाताऱ्या, आजारी माणसांची काळजी घेणारे, म्हणजेच केअरर) या दोन कामांसाठी यूकेबाहेरून नवी भरती बंद झाली. त्यावर आपल्या मंडळींत दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, बाहेरची माणसं आल्यामुळेच पगार किमान वेतनाला चिकटून राहिले. आता माणसं मिळेनाशी झाली की मालकांना पगार वाढवावेच लागतील. बाकीचे म्हणतात, पगार वाढणार नाहीत, अशी माणसं जिथे राहतात ती केअर होम्स बंद पडतील.

हिशेब माहीत असलेल्यांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. परदेशी भरतीमुळे पगार खरंच किती दबले? पगार एका पौंडाने वाढवायचा तर केअर होमला प्रत्यक्षात किती खर्च येतो? आणि व्हिसावर आलेल्या माणसाला कायद्याने जास्त पगार द्यावा लागतो असं म्हणतात, मग तो 'स्वस्त' कसा ठरतो?

---

आकडेमोड

आधी काय घडलं त्याचा क्रम नीट लावू, कारण अर्धा वाद क्रम उलटा धरल्यामुळे होतो.

युरोपातून मुक्त ये-जा ३१ डिसेंबर २०२० ला संपली. केअर वर्करचा व्हिसा १५ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. मधल्या वर्षभरात कोविडनंतर सुपरमार्केट, गोदामं, हॉटेलं उघडली आणि केअरमधली माणसं तिकडे गेली. २०२१-२२ मध्ये इंग्लंडमधल्या रिक्त जागा सुमारे १ लाख ६५ हजारांवर पोचल्या. दर दहा जागांमागे एक रिकामी. म्हणजे स्थानिक माणसं आधी गेली आणि परदेशी नंतर आली.

पुढचे आकडे स्किल्स फॉर केअर या संस्थेचे, इंग्लंडपुरते. रिक्त जागा २०२२-२३ मध्ये १ लाख ५२ हजार, २०२३-२४ मध्ये १ लाख ३१ हजार, २०२४-२५ मध्ये १ लाख ११ हजार. त्याच तीन वर्षांत परदेशातून आलेले सुमारे ८० हजार, १ लाख ५ हजार आणि ५० हजार. मनुष्यबळावर परिणाम झाला यात वाद नाही. पण येणाऱ्यांच्या मानाने रिक्त जागा तितक्या घटल्या नाहीत, कारण ब्रिटिश नागरिक बाहेर पडतच राहिले: २०२०-२१ ते २०२३-२४ मध्ये त्यांनी भरलेल्या जागा ७० हजारांनी कमी झाल्या.

आता पगार. यूकेवरच्या अभ्यासांत सर्वांत जास्त उद्धृत होतो तो निकेल आणि सालेहीन यांचा, बँक ऑफ इंग्लंडचा, २०१५ चा. अर्धकुशल आणि अकुशल सेवाक्षेत्रात स्थलांतरितांचा वाटा १० टक्के-बिंदूंनी (समजा १० वरून २० टक्क्यांवर) वाढला तर तिथल्या पगारात साधारण २ टक्के घट, असा त्यांचा निष्कर्ष. केअरर याच गटात येतात. राजकीय भाषणांत यातले '१० टक्के-बिंदू' गळून पडतात आणि '२ टक्के' तेवढे उरतात. वाट्यात इतकी वाढ व्हायला अनेक वर्षं लागतात, म्हणून वर्षाचा परिणाम अगदी लहान. दुस्टमान, फ्रातिनी आणि प्रेस्टन यांच्या २०१३ च्या शोधनिबंधातही दिशा तीच दिसते: सर्वांत तळच्या पाचव्या हिश्श्यात किंचित दाब, त्यावरच्या लोकांना किंचित फायदा.

परिणाम शून्य आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केअररचा पगार परदेशी लोकांनी निम्म्यावर आणला असं सांगितलं तरी ठेवू नका.

दार बंद केल्यावर काय होतं, याचं जुनं उदाहरण अमेरिकेचं. मेक्सिकोहून हंगामी शेतमजूर आणणारी ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस बंद केली. स्थानिक मजुरी वाढावी हाच उद्देश होता. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल यांनी २०१८ मध्ये राज्यवार आकडे तपासले, तर मजुरीत फरक सापडला नाही. कॅलिफोर्नियातल्या प्रक्रियेच्या टोमॅटोची तोडणी काही वर्षांतच यंत्राने होऊ लागली आणि जिथे यंत्र नव्हतं तिथे काही पिकांचं उत्पादन घटलं. केअरमध्ये माणसाला आंघोळ घालणारं, भरवणारं यंत्र नाही. म्हणून इथे दुसरी वाट जास्त संभवते: होममध्ये खाटा असतात, पण नवीन रहिवासी घेत नाहीत, आणि बरे झालेले म्हातारे हॉस्पिटलातच अडकून पडतात.

---

रोटा_आणि_खर्च

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ४० खाटांचं होम धरा. दिवसा ८ केअरर, रात्री ४, बारा-बारा तासांच्या शिफ्ट. आठवड्याचे १,००८ तास.

एक पूर्णवेळ माणूस, आठवड्याला ३७.५ तास, म्हणजे वर्षाला १,९५० पगारी तास. त्यातून ५.६ आठवड्यांची कायदेशीर रजा वजा करा: २१० तास गेले. आजारपण आणि सक्तीचं प्रशिक्षण यांचे ६० तास धरा. प्रत्यक्ष कामाचे उरले १,६८०. म्हणून हा रोटा (शिफ्टचं वेळापत्रक) चालवायला ३१ पूर्णवेळ माणसं लागतात. नवे मॅनेजर १,००८ ला सरळ ३७.५ ने भागून २७ माणसं घेतात आणि मग ऑगस्टमध्ये आणि नाताळात रोटा कोसळतो.

खर्च: २०२५-२६ चं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड. वर्षाचा पगार २३,८०९. एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर मालकाने सरकारला भरायची रक्कम) १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो आता ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या वर लागतो, म्हणजे २,८२१. पगाराच्या ठरावीक हिश्श्यावर पेन्शनचे ३ टक्के, सुमारे ५२७. एकूण २७,१५७. याला १,६८० ने भागलं की कामाचा एक तास १६.१६ पौंडांना पडतो. जेवण, वीज, विमा, इमारत यात नाही.

आता पगार तासाला १ पौंडाने वाढवा. १,९५० पौंड पगारात, त्यावर २९२ इन्शुरन्सचे, ५८ पेन्शनचे. कामाच्या तासामागे खर्च १.३७ ने वाढला. आठवड्याच्या १,००८ तासांना १,३८१ पौंड, म्हणजे दर रहिवाशामागे आठवड्याला साडेचौतीस पौंड.

हे साडेचौतीस पौंड आणायचे कुठून? स्वतःच्या पैशाने राहणाऱ्यांचं शुल्क होम वाढवू शकतं. कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) पाठवलेल्यांचा दर कौन्सिल ठरवतं, आणि गरीब भागात बहुतेक रहिवासी कौन्सिलचेच. त्यामुळे माणसं मिळत नसतानाही तिथला मालक पगार वाढवू शकत नाही. बाजारात मागणी-पुरवठ्याने किंमत हलते, पण इथे बहुतांश खरेदी करणारा एकच आहे आणि त्याच्या तिजोरीत खडखडाट आहे.

मग तो तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडे जातो. ३१ पैकी ३ जागा रिकाम्या असतील तर आठवड्याला ९७ तास, म्हणजे आठ शिफ्ट एजन्सीच्या. एजन्सीचा दर तासाला २४ पौंड धरला तर आठवड्याला साडेसातशे पौंड जास्तीचे. त्यातला मोठा हिस्सा एजन्सीकडे जातो, केअररच्या हातात पडत नाही. शिवाय रोज नवा चेहरा. कोणत्या आजींना घट्ट केलेलं पाणीच द्यायचं, कुणाला उठवायला दोन माणसं लागतात, हे त्याला माहीत नसतं. चुका तिथेच होतात.

---

तळातला_पगार

वरच्या दोघांशी बराच सहमत, पण एक बाजू सुटली.

परदेशी भरती उपलब्ध होती म्हणून सरकारला दरवाढ टाळता आली, हे मान्य करायला हवं. सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने एप्रिल २०२२ च्या अहवालातच सांगितलं होतं की व्हिसा हा मूळ उपाय नाही. केअररना किमान वेतनापेक्षा तासाला निदान १ पौंड जास्त द्या. ते झालं नाही. व्हिसा मात्र राहिला, कारण त्याला तिजोरीतून काही जात नव्हतं.

परिणाम अनुभवी माणसांच्या पगारात दिसतो. पाच वर्षं काम केलेल्या केअररला नव्यापेक्षा तासाला जेमतेम १० पेन्स जास्त मिळतात. किमान वेतन दर एप्रिलमध्ये वर सरकतं (९.५०, १०.४२, ११.४४, १२.२१), तळाचा पगार त्याबरोबर वाढतो, पण वरच्या पायऱ्या जागच्या जागी राहतात आणि सगळे एकाच पायरीवर येतात. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) बँड २ या खालच्या वेतनश्रेणीतला हेल्थकेअर असिस्टंट २०२५-२६ मध्ये तासाला १२.५१ पौंडांवर सुरू होत होता, वर आजारपणाची रजा आणि पेन्शन कितीतरी चांगली. अनुभवी केअरर तिकडे जाणारच.

पण दोष व्हिसाचा की निधीचा, हे तपासायला स्कॉटलंड पाहा. व्हिसाचे नियम लंडनहून ठरतात, दोन्हीकडे सारखेच. तरीही तिथे सरकारी पैशाने चालणाऱ्या केअरमध्ये २०२५-२६ मध्ये किमान दर १२.६० होता, कारण तिथलं सरकार त्यासाठी वेगळा निधी देतं. इंग्लंडपेक्षा ३९ पेन्स जास्त, तेच व्हिसा नियम असताना. माझ्या मते या धाग्यातला सर्वांत बोलका आकडा हाच.

---

लेस्टरकर

हिशेबाबद्दल मनापासून आभार. तिसरा प्रश्न अजून उरला आहे. २०२५-२६ च्या दरांनी व्हिसावाल्याला १२.८२ द्यावे लागतात आणि स्थानिकाला १२.२१ चालतात, तर शोषण नेमकं कुठे होतं?

---

स्पॉन्सर_नियम

दर बरोबर आहे. ९ एप्रिल २०२५ पासून नव्या स्पॉन्सरशिपला (मालकाने व्हिसासाठी माणसाला पुरस्कृत करण्याला) वर्षाला २५,००० पौंड आणि तासाला १२.८२ ही किमान अट आहे. कागदावर परदेशी केअरर महागच. त्यावर मालकाला इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस घेतल्याबद्दलचा सरकारी आकार, वेगळा. कागदावरचा दर क्वचितच मोडला जातो; मोडले जातात ते तास.

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर (व्हिसासाठी मालक देतो त्या कागदावर) ३९ तास लिहायचे आणि प्रत्यक्षात १५-२० द्यायचे, हा सर्वांत सर्रास प्रकार. कौन्सिलचं कंत्राट हातात नसतानाच माणसं आणलेल्या होमकेअर (घरी जाऊन काळजी घेणाऱ्या) कंपन्यांत हे जास्त झालं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ मध्ये केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त मालकांचे स्पॉन्सर परवाने गेले आणि त्यांच्याशी जोडलेले ३९ हजारांहून जास्त लोक लटकले.

दुसरा प्रकार, घरोघर जाणाऱ्यांचा प्रवासवेळ. समजा रुग्णाच्या घरातले ८ तास १२.६० ने दिले, म्हणजे १००.८० पौंड. घरांदरम्यानचा प्रवास अडीच तास, त्याचे शून्य. कायद्याने दोन घरांमधला प्रवास हा कामाचा वेळ आहे. १००.८० भागिले १०.५ म्हणजे ९.६० पौंड तासाला. किमान वेतनाचा सरळ भंग. स्वतःच्या गाडीचं पेट्रोल न मिळाल्यास आकडा आणखी खाली. घर ते पहिला रुग्ण आणि शेवटचा रुग्ण ते घर हा प्रवास सहसा धरत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

हे स्थानिकांच्या बाबतीतही होतं. फरक असा की स्थानिक माणूस नोकरी सोडून जातो. व्हिसावाल्याला आधी नवा स्पॉन्सर, मग नवा अर्ज, मग मंजुरी, आणि तेव्हाच नवीन काम. परवाना गेला किंवा नोकरी गेली तर होम ऑफिसचं (गृहखात्याचं) पत्र आल्यावर साधारण ६० दिवस. पगाराची घासाघीस करायची ताकद 'मी जातो' म्हणता येण्यात असते. तीच काढून घेतली की त्याच रोट्यावरच्या स्थानिकांचीही ताकद कमी होते. पगार दबले असतील तर ते माणसांच्या संख्येमुळे कमी आणि या बांधिलकीमुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे.

कुणी इथे अडकलं असेल तर: प्रत्येक पगारपत्रक, रोटा आणि फोनवरच्या अॅपमधली हजेरी जपून ठेवा. किमान वेतनाची तक्रार एकासकडून (नोकरीच्या वादांत सल्ला देणारी सार्वजनिक संस्था) विचारून करता येते आणि सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते. परवान्याची फी किंवा सर्टिफिकेटची फी तुमच्याकडून वसूल करता येत नाही, आणि स्किल्स चार्ज तर कधीच नाही. आधीच यूकेत दुसऱ्या व्हिसावर असलेल्यांना २२ जुलै २०२८ पर्यंत केअरमध्ये बदलता येतं, पण त्याच मालकाकडे आधी तीन महिने कायदेशीर काम झालेलं हवं.

---

आकडेमोड

जर्मनीचं थोडक्यात, कारण महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून इथले बरेच जण तिकडचं विचारतात.

तिथे केअरचं किमान वेतन वेगळं आहे. १ जुलै २०२५ पासून सहायकाला तासाला १६.१० युरो आणि पूर्ण प्रशिक्षित नर्सला २०.५०, त्या वेळी देशाचं सर्वसाधारण किमान वेतन १२.८२ युरो होतं. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून केअर विम्याचे पैसे हवे असतील तर संस्थेला सामूहिक कराराच्या पातळीचा पगार द्यावाच लागतो. परदेशी लोक तिथेही मोठ्या संख्येने येतात, तरी तळाची पायरी सुपरमार्केटच्या वर राहते. माणसं तिथेही कमीच पडतात, ते वेगळं. आणि नर्स म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते.

इंग्लंडमध्ये याच धर्तीवर केअरसाठी वेतनकरार आणायचं ठरलं आहे, त्यासाठी ५० कोटी पौंड जाहीर झाले आहेत आणि अंमल २०२८ चा आहे. वरच्या होमच्या हिशेबाने, एका पूर्णवेळ माणसाला १ पौंड वाढ म्हणजे वर्षाला सुमारे २,३०० पौंड. ५० कोटींत अशी साधारण २ लाख १७ हजार माणसं बसतात. इंग्लंडच्या केअर क्षेत्रात १५ लाखांहून जास्त जागा भरलेल्या आहेत. त्यातले बरेच जण अर्धवेळ आहेत हे धरलं तरी सगळ्यांना मिळून तासाला काही पेन्सच वाट्याला येतील. लेस्टरकर, भरती बंद झाल्यामुळे पगार वाढतील का, याचं उत्तर या आकड्यात शोधा. येत्या अर्थसंकल्पात तो वाढला तर पगार वाढतील.