मदत हवी आहे: मीटिंगच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले

नमस्कार. इथे कित्येक वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. नवा आयडी का घेतला ते कळेलच.

दारू सोडून आज अकरा दिवस झाले. याआधी तीनदा सोडली होती, सर्वांत जास्त टिकलं ते सव्वादोन महिने. या खेपेला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडलीय. तेच म्हणाले, गोळ्यांनी शरीर सावरेल, पण संध्याकाळी सात वाजता तुम्हाला कोण सावरणार? ग्रुप शोधा.

शोधणं अवघड नव्हतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) वेबसाइटवर मीटिंगांची यादी मिळाली, वार आणि वेळेसकट. गेल्या आठवड्यात गेले. दुसरा मजला. जिन्याच्या वळणावर पोचले आणि वरून हसण्याचा आवाज आला, अगदी पोट धरून हसल्यासारखा. मला वाटलं होतं सगळे माना खाली घालून बसलेले असतील. पत्ता चुकला की काय म्हणून मोबाइल काढून पाहिला. बरोबर होता. तेवढ्यात कोणीतरी उतरायला लागलं आणि मी खाली पळाले. परवा पुन्हा गेले, थेट दारापर्यंत. दार अर्धवट उघडं होतं. पाठमोरी अकरा डोकी मोजली, बाई एकही नाही. आले परत.

तर, आत गेलं की बोलावंच लागतं का? "मी मद्यपी आहे" हे वाक्य माझ्या तोंडातून निघेलसं वाटत नाही. काही मीटिंगांपुढे 'ओपन' लिहिलंय, काहींपुढे 'क्लोज्ड'. क्लोज्डला आधी नाव नोंदवायचं असतं का? मी देवबिव मानत नाही, त्यामुळे दारूतून सुटायच्या त्यांच्या त्या बारा पायऱ्या, त्यात देवाचं नाव, वाचूनच बिचकलेय. आणि ओळखीचं कोणी भेटलं तर?

इच्छाशक्ती वाढवा असा सल्ला कृपया नको. इच्छाशक्ती दांडगी आहे, त्याशिवाय का रोज दुकान बंद व्हायच्या आत पोचायचे?

वाटसरू९:
ताई, आधी त्या हसण्याबद्दल. कोणीतरी बाटली कुठे लपवायचा ते सांगत असणार. मी वॉशिंग मशीनमध्ये ठेवायचो आणि एक दिवस बायकोने मशीन लावलं. बाहेर सांगितलं तर लोक कीव करतात. तिथे सगळे खोखो हसले, कारण प्रत्येकाची अशी एक जागा होतीच. मला आता नऊ वर्षं झाली.

क्लोज्ड म्हणजे ज्यांना स्वतःला दारू सोडायचीय त्यांच्यासाठीच. नावनोंदणी नाही, फी नाही. अट एकच, सोडायची इच्छा हवी. सोडलेली असायला हवी असंही नाही. मध्येच वर्गणीसाठी काहीतरी फिरवतात, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. ओपनला कोणीही बसू शकतं, मिस्टरांना आणायचं तर ती निवडा. ओळखीच्यांची धास्ती असेल तर मात्र क्लोज्डच बरी, तिथे भेटणारा तुमच्याच कारणाने आलेला असतो.

पाळी आली की "आज ऐकते" एवढं म्हणायचं. मी दीड महिना तेवढंच म्हणत होतो. आणि दहा मिनिटं लवकर जाऊन खुर्च्या मांडायला लागा. हाताला काम असलं की पाय दाराकडे वळत नाहीत.

निशिगंध:
अकरा डोकी मोजलेलं वाचून हसले, मीही मोजली होती. फक्त बायकांच्या मीटिंगाही असतात, ऑनलाइन तर हमखास. एए १९३५ साली दोन पुरुषांपासून सुरू झालं. मार्टी मॅन ही तिथे टिकलेल्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक. १९३९ साली ती ब्रुकलिनमधल्या एका घरात पहिल्या मीटिंगला गेली, तीही थरथरत. हे तिनेच लिहून ठेवलंय.

स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, बाईच घ्या, तसा संकेतच आहे. आणि मीटिंग संपल्यावर फारच आपुलकीने सोडायला निघणाऱ्या काकांना पहिल्याच दिवशी नाही म्हणा. माणसं तिथेही सगळ्या तऱ्हेची असतात. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो, चार-पाच बघा आणि मग ठरवा.

देवाचं म्हणाल तर पायरीतच 'आम्हाला उमगलेला' असा शब्द आहे. मी त्या जागी खोलीतली माणसं धरते. तरीही खटकलं तर स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंगा बघा, १९९४ पासून आहेत, त्यात ना देव ना पायऱ्या.

पाय घसरला तर लाजून घरी बसू नका, मीटिंगला या. पण रोजचं पिणं पुन्हा सुरू झालं तर एकटीने एकदम बंद करायचं नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जिवावर बेततं. आधी डॉक्टर.

मूळ आयडी:
काल रात्री बायकांच्या ऑनलाइन मीटिंगला बसले. कॅमेरा बंद. नावाच्या जागी मोबाइलचं मॉडेल दिसत होतं, सगळ्यांनी त्याचंच स्वागत केलं. पाळी आल्यावर "आज ऐकते" म्हणाले. आवाज फाटला, पण म्हणाले.

सोमवारी दुसऱ्या मजल्यावर जातेय, खुर्च्या मांडायला. वाटसरूदादा, एक विचारायचं राहिलं. मशीनमध्ये बाटली फुटली का?