फ्लॅशच्या जुन्या कमांड-लाइन टूल्सची साफसफाई: हात कुठे घालावा, कुठे नाही?

प्रश्न (खोडपट्टी)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे आमच्या टीममधली नऊ छोटी टूल्स आली आहेत, सगळी सीमध्ये लिहिलेली. लिनक्सच्या एमटीडी डिव्हाइसवर चालतात, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) फ्लॅश मेमरीची चिप ज्या रूपात दाखवतो त्यावर: कोणी ब्लॉक (चिपचा एका वेळी पुसला जाणारा तुकडा) पुसतं, कोणी इमेज लिहितं, कोणी चिप वाचून फाइलमध्ये उतरवतं. मूळ लिहिणारे दुसऱ्या कामांवर गेले, आणि बोर्ड तयार होतो तिथल्या स्क्रिप्ट्स रोज हीच टूल्स चालवतात.

कोडची अवस्था अशी: पुसण्याचा लूप पाच फाइल्समध्ये पाच वेळा लिहिलाय. त्यातल्या तीन ठिकाणीच बॅड ब्लॉक (खराब, वापरू नये असा ब्लॉक) तपासला जातो. एका टूलला पत्ता हेक्समध्ये चालतो, दुसऱ्याला फक्त दशमान. चूक झाली तर कोणी १ परत करतं, कोणी -१, आणि एक टूल चूक छापून ०, म्हणजे 'सगळं ठीक', परत करतं. मला हे नीट करायचंय. ही टूल्स चिपच्या अगदी अंगाला लागून चालतात, त्यांत गोंधळ असलेला मला सहन होत नाही.

सुरुवात केली आणि ठेच लागली. पाच लूप्सचं एक फंक्शन केलं. 'हा ब्लॉक बॅड आहे का' विचारणारं जुनं फंक्शन तीन उत्तरं द्यायचं: बॅड असेल तर १, नसेल तर ०, विचारतानाच चूक झाली तर -१. मी ते सुटसुटीत करायला बूलियन (खरं किंवा खोटं, दोनच उत्तरं) केलं. नँड आणि नॉर हे फ्लॅश चिपचे दोन प्रकार. नँडच्या बोर्डवर सगळं ठीक चाललं. मग एका जुन्या कर्नलच्या बोर्डवर, नॉर चिपवर, तेच टूल चालवलं. नॉरला बॅड ब्लॉक ही गोष्टच नाही, त्यामुळे तो कर्नल प्रत्येक वेळी 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणाला. म्हणजे -१. बूलियनमध्ये -१ म्हणजे खरं. टूलने प्रत्येक ब्लॉक बॅड समजून सोडला, शेवटी 'पूर्ण' छापलं आणि ० परत केलं. एकही ब्लॉक पुसला नव्हता.

पुढच्या टूलने त्याच न पुसलेल्या जागेवर नवी इमेज लिहिली. लिहिताना बिट १ चा ० होतो, ० चा १ फक्त पुसल्यावरच होतो. त्यामुळे जुनी आणि नवी इमेज एकमेकींत मिसळली आणि बोर्ड सुरू होईना. मला दोन दिवस वाटत होतं की चिपच गेली.

तर विचारायचंय की अशा कोडची साफसफाई कोणत्या क्रमाने करता? खऱ्या चिप्स न झिजवता तपासता कशी? आणि कोणी वापरत नाही असं वाटणारे जुने ऑप्शन काढून टाकावेत का?

---

उत्तर १ (पान_२०४८)

तुमची चूक मीही केलीय, फक्त माझ्या बाबतीत बूलियनऐवजी एक मॅक्रो होता. पण हात काढून घेऊ नका. एकच काम पाच प्रकारे करणारा कोड तसाच पडू देणं जास्त धोक्याचं आहे, कारण पुढची दुरुस्ती पाचपैकी तीनच ठिकाणी होते. तुमच्याकडे बॅड ब्लॉकची तपासणी तीनच ठिकाणी का आहे, याचं उत्तर बहुधा तेच असेल.

आधी तपासणीचं बघा. कर्नलमध्ये नँडसिम नावाचं मॉड्यूल आहे, ते मेमरीत खोटी नँड चिप उभी करतं. आयडी बाइट्स ०x२०, ०xएए, ०x००, ०x१५ दिले की २५६ एमआयबीची चिप मिळते: पान (एका वेळी लिहिला जाणारा भाग) २०४८ बाइट्सचं, ब्लॉक १२८ केआयबीचा, म्हणजे १,३१,०७२ बाइट्सचा. मला त्याचे दोन पॅरामीटर फार मोलाचे वाटतात. 'बॅडब्लॉक्स'मध्ये आकडे दिले की ते ब्लॉक सुरुवातीपासून बॅड धरले जातात. 'वीकब्लॉक्स'मध्ये दिलेले ब्लॉक ठरावीक वेळा पुसले की पुढचं पुसणं फसतं, आकडा दिला नाही तर ३ वेळा. खऱ्या चिपवर असा ब्लॉक हवा तेव्हा हाती लागत नाही, इथे मागून मिळतो. पहिला ब्लॉक, शेवटचा ब्लॉक आणि मधले सलग दोन बॅड करून बघा. माझ्या अनुभवात जुने लूप सलग दोन बॅड ब्लॉक आले की अडखळतात.

साफसफाईला हात लावण्याआधी प्रत्येक टूलचं आजचं वागणं नोंदवून ठेवा: कोणत्या आर्ग्युमेंटला काय छापतं, कुठे छापतं, किती परत करतं. चुकीचं वागत असेल तर तेही जसंच्या तसं नोंदवा. मग एका पॅचमध्ये (एका वेळी नोंदवलेल्या बदलात) एकच गोष्ट. कोड हलवायचा असेल तर नुसता हलवा, वागणं बदलायचं असेल तर वेगळा पॅच. तुमच्या बाबतीत फंक्शन एक करणं आणि परताव्याचा प्रकार बदलणं एकाच पॅचमध्ये आलं असणार, म्हणून वाचणाऱ्याच्या नजरेतून -१ सुटला.

'कुठे छापतं' हे मुद्दाम लिहिलंय. चिप वाचणारं टूल फाइल दिली नाही तर डेटा स्टँडर्ड आउटपुटवर ओततं. मी एकदा सगळ्या टूल्सचे संदेश एकसारखे केले आणि 'ब्लॉक ० वाचतोय' ही ओळ स्टँडर्ड एररवरून स्टँडर्ड आउटपुटवर गेली. ती ओळ इमेजच्या सुरुवातीला जाऊन बसली आणि पुढचा प्रत्येक बाइट सरकला. फाइल उघडून बघेपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून माझा नियम असा की डेटा एका वाटेने, बोलणं दुसऱ्या वाटेने.

---

उत्तर २ (अनसाइन्ड)

एक भर घालतो. नँडसिम पीसीवर चालवाल, पण टूल चालणार एआरएमच्या बोर्डवर. x८६ च्या, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरच्या, लिनक्सवर साधा 'कॅर' (एका बाइटचा प्रकार) साइन्ड असतो, म्हणजे त्यात ऋण आकडे मावतात; एआरएमवर अनसाइन्ड, तिथे मावत नाहीत. आमच्याकडे गेटऑप्टचं (कमांड-लाइनचे ऑप्शन एकेक करून देणारं, संपले की -१ देणारं फंक्शन) उत्तर 'कॅर'मध्ये साठवून -१ शी ताडून बघणारं एक टूल होतं. पीसीवर झकास. बोर्डवर -१ चे २५५ झाले, लूप कधी संपेचना, टूल तिथेच अडकून पडलं. दिसायला साधा एका ओळीचा बदल होता, 'इंट'चा 'कॅर' केलेला.

याच्या उलटही होतं. ब्लॉक कोरा आहे का हे बघताना बफर साध्या 'कॅर'चा असेल आणि ०xएफएफशी (कोऱ्या बाइटच्या किमतीशी) तुलना असेल, तर बोर्डवर बरोबर चालतं, पीसीवर मात्र कोरा ब्लॉकसुद्धा भरलेला दिसतो. चिपमधल्या बाइट्सना नेहमी अनसाइन्ड प्रकार द्या, आणि जिथे तो आधीच दिलेला आहे तिथे कंपायलरची वॉर्निंग घालवायला म्हणून काढू नका.

---

उत्तर ३ (पान_२०४८)

जुन्या ऑप्शनचं राहिलंच. एमटीडी-युटिल्स या एमटीडीच्या टूल्सच्या संचातली दोन उदाहरणं मला पटतात. 'फ्लॅश_इरेजऑल' आणि 'फ्लॅश_इरेज' ही वेगवेगळी टूल्स होती, त्यांचं काम 'फ्लॅश_इरेज'मध्ये एकत्र केलं. तिथे सुरुवात ० आणि ब्लॉकची संख्या ० दिली की शेवटपर्यंत पुसतं. पण जुनं नाव लगेच मोडीत काढलं नाही. छोटी शेल स्क्रिप्ट म्हणून ठेवलं, ती नवी कमांड सांगते आणि तीच चालवते.

दुसरं नँडडम्पचं, म्हणजे नँड चिप वाचून उतरवणाऱ्या टूलचं. त्याचं न सांगता होणारं वागणं बदलायचं होतं, म्हणून आधीच्या आवृत्तीत इशारा छापला की पुढे हे बदलणार आहे, तुम्हाला काय हवं ते ऑप्शनने स्पष्ट सांगा. बदल केला तो नंतर. तुमच्या स्क्रिप्ट्स तुम्हाला दिसतात, त्यामुळे आधी त्यांत शोधा, आणि तरीही एक आवृत्ती इशाऱ्यासाठी ठेवा.

आणखी एक. मृत दिसणारा कोड काढण्याआधी तो का आला हे इतिहासात बघा. पुसण्यासाठी आधी ६४ बिटचा आयऑक्टल (टूलने कर्नलला काम सांगायची हाक), आणि कर्नलने तो ओळखला नाही तर जुना ३२ बिटचा, अशी जोडी सापडली तर ती उगाच लिहिलेली नसते. जुन्या कर्नलचा एक बोर्ड तुमच्याकडे आहे असं तुम्हीच सांगितलंत.

---

प्रश्नकर्ता (खोडपट्टी)

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आठवडाभर यावरच बसलो.

तीन उत्तरांचं फंक्शन परत आणलं, आणि -१ आला की टूल तिथेच थांबून चूक सांगतं. नॉरसाठी 'सपोर्टेड नाही' हे उत्तर वेगळं ओळखून 'बॅड नाही' धरलंय. नऊ टूल्सच्या वागण्याची नोंद करायला तीन संध्याकाळी गेल्या. त्यात कळलं की चूक छापून ० परत करणाऱ्या टूलवर एक स्क्रिप्ट खरोखरच विसंबून आहे. तो बदल आता इशाऱ्यासह पुढच्या आवृत्तीत जाईल.

पण सांगायचंय ते वेगळंच. नँडसिमला 'ओव्हरराइडसाइझ' १६ दिलं, म्हणजे २ चा १६ वा घात, ६५,५३६ ब्लॉक, ८ जीआयबीची चिप. इतकी मेमरी नव्हती म्हणून 'कॅशे_फाइल' देऊन पानं डिस्कवर ठेवली. ब्लॉक ३२,७६८ पुसायला सांगितला आणि ब्लॉक ० पुसला गेला! पाच जुन्या लूपपैकी दोन ठिकाणी ब्लॉकचा आकडा आणि आकार, दोन्ही ३२ बिटचे अनसाइन्ड होते. ३२,७६८ गुणिले १,३१,०७२ म्हणजे बरोबर २ चा ३२ वा घात, ३२ बिटमध्ये उरतं शून्य. उरलेल्या तीन ठिकाणी गुणाकाराआधी ६४ बिटचा कास्ट (आकड्याचा प्रकार बदलणं) होता, आणि तो अनावश्यक समजून काढायच्या यादीत मी स्वतः लिहून ठेवला होता. आमच्या बोर्डवर ब्लॉक ० मध्ये बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) असतो. आज आमची कुठलीच चिप ४ जीआयबीपेक्षा मोठी नाही, म्हणून इतके दिवस हे कोणाला दिसलं नाही.

कास्ट पाचही ठिकाणी घातला, वर कशासाठी ते एका ओळीत लिहिलं, आणि हीच चाचणी कायमची ठेवली. लूप एकत्र करणं आता पुढच्या पॅचमध्ये.

---

उत्तर ४ (अनसाइन्ड)

छान पकडलंत. याच चाचणीत ब्लॉक १६,३८४ ही घ्या, तो २ जीआयबीवर पडतो. कुठे आकडे साइन्ड इंटमध्ये राहिले असतील तर ते तिथेच ऋण होतात, ४ जीआयबीपर्यंत थांबत नाहीत. आणि लिहिणाऱ्या टूलमधला सीकचा (लिहिण्याआधी ठरावीक जागी जाण्याचा) पत्ता बघितलात का? तिथेही हाच गुणाकार असणार.

---

प्रश्नकर्ता (खोडपट्टी)

आत्ता उघडून बघितलं. आहे, आणि कास्ट नाही. १६,३८४ आणि ३२,७६८ दोन्ही घालून उद्या चालवतो.