घासाघीस करून आणलेलं काय काय आहे तुमच्या घरात?

माळ्यावरची

चकलीची भाजणी दळून आणली आणि सोऱ्या काढायला माळ्यावर चढले. खाली आणून वर्तमानपत्र सोडलं आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले, भाजणी तशीच डब्यात. म्हणून हा धागा.

१९९६ ला लग्न होऊन पुण्यात आले. दिवाळीच्या आधी एका बुधवारी सासूबाई म्हणाल्या, येतेस का जुन्या बाजारात. मला वाटलं साड्यांचं मार्केट असेल. कुंभारवेशीकडे पोचलो तर रस्त्यावर पोती पसरून त्यावर नळाच्या तोट्या, नट आवळायचे पाने, घड्याळांची चाकं, कुलपं (किल्ल्या वेगळ्या ढिगात), कंदिलाच्या काचा. त्या सगळ्यात सासूबाईंना काळाकुट्ट पितळी सोऱ्या दिसला पण त्यांनी त्याला हात लावला नाही. अडकित्ता उचलला, भाव विचारला, नाक मुरडून ठेवला, मग कंदील, तोही ठेवला, आणि उठता उठता, "आणि हे काय काळं पडलंय?" तो ८० म्हणाला, ह्या ३०. तो म्हणाला, आजी मोडीत घातला तरी जास्त येतील. सासूबाई चालायला लागल्या आणि मी तिथेच उभी, मला कळेना घ्यायचाय की नाही, तर मागे येऊन माझा हात धरून ओढला! चार पावलं गेलो असू, मागून हाक आली. ४५ ला मिळाला.

पैसे द्यायच्या आधी त्यांनी झाकण फिरवून बोट आत घालून आटे तपासले. काळं काय चिंचेने निघतं, आटे झिजलेले असले तर पीठ वरून येतं, म्हणाल्या. घरी चिंच मीठ लावून घासला तर बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव निघालं. 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येतं, पुढचं झिजलंय. कोणाच्या तरी लग्नातला आहेर. सासूबाई दर दिवाळीला पहिली चकली पाडताना म्हणायच्या, त्या पोरीला पण एक.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्याकडे आहे का असं काही? लिहा ना.

सुपारीचंखांड

डोळ्यात पाणी आणलंत सकाळी सकाळी. "त्या पोरीला पण एक" 🙏

कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निळीशाई

माझं सगळं पुस्तकांचं. कॉलेजला असताना माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर इंजिनीरिंगची सेकंडहँड पुस्तकं घ्यायचो, वर्ष संपलं की त्यालाच अर्ध्या किमतीत परत. तिथेच एकदा मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं भौतिकशास्त्राचं पुस्तक सापडलं, हार्डबाउंड, कागद पिवळा पण शिवण एकदम घट्ट. १५ रुपये. सोव्हिएत युनियन १९९१ ला संपलं तशी ती स्वस्त पुस्तकं यायची थांबली, त्यामुळे फुटपाथ हाच आधार होता. आत कोणीतरी पेन्सिलने समासात गणितं सोडवली होती आणि एका ठिकाणी लिहिलं होतं "उत्तर चुकलंय, पुन्हा कर". बारावीच्या मुलांना शिकवतो आता, ते पान दाखवतो सगळ्यांना.

आंबटचुका

बोहारणीचं कोणी लिहिलं नाही अजून??

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत दुपारी दोनला यायची, डोक्यावर टोपलीत भांड्यांची उतरंड. आई आणि ती तासभर बसायच्या. ती पँट उजेडात धरून गुडघे बघणार, साडीचे काठ चाचपणार, "ताई यात काय, विरलीय". एक पातेलं हवं तर अजून दोन कपडे टाक, मग आई आत जाऊन बाबांचा शर्ट आणणार, मग ती म्हणणार पँट पायजेल. शेवटी चहा व्हायचा आणि चहानंतर सौदा पटायचाच. आठ साड्या आणि तीन पँटींचं एक मोठं स्टीलचं घमेलं आलं होतं ते अजून आहे, कणीक त्यातच मळते. त्यात बाबांची लग्नातली पँट गेली होती, त्यांना ते तीन महिन्यांनी कळलं 😄 त्या दिवशी बाबांनी घमेल्यातल्या कणकेची पोळी खाणार नाही म्हणून सांगितलं आणि रात्री पाच खाल्ल्या.

पोस्टकार्ड

आमच्याकडे पण बोहारीण!! तिला कापलेल्या बटणांचे शर्ट चालायचे नाहीत. आजी बटणं आधीच काढून ठेवायची आणि त्यावरून भांडण.

साळुंकी_ठाणे

अवांतर, कल्हईवाला कोणाला माहितीये का ठाण्यात? आईची पितळी पातेली आहेत चार. पूर्वी दारात यायचा, भाता लावून, नवसागराचा तो धूर आणि मग कथील फिरवलं की आतून चांदीसारखं. कल्हईशिवाय आंबट काही करता येत नाही म्हणून नुसती पडून आहेत.

गिरणगावातला

इथे सगळे घेणारे आहेत, मी विकणाऱ्याच्या घरातला.

बाबा गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. सगळे म्हणायचे महिन्याभरात मिटेल. वर्ष गेलं तसं बाबांनी मूळजी जेठा मार्केटातून कटपीसचा एक गठ्ठा उचलला, उधारीवर, आणि लालबागला फुटपाथवर चादर टाकून बसले. आयुष्यभर कापड विणलेला माणूस, हात लावला की सुताचा नंबर सांगायचा, पण भाव सांगताना आवाज निघायचा नाही. पहिल्या दिवशी दोन ब्लाऊजपीस गेले, दोन्ही खरेदीच्या भावात.

मग शिकले. सकाळची भवानी कधी परत पाठवायची नाही, पहिलं गिऱ्हाईक जे म्हणेल त्याच्या आसपास देऊन टाकायचं, ती नोट कपाळाला आणि मग कापड मोजायच्या गजाला लावायची. तुमच्या सासूबाई अडकित्ता उचलायच्या ना, ते विकणाऱ्याला कळतं हो. बाबा सांगायचे, बाई ज्या कापडाकडे बघत नाही तेच तिला पाहिजे असतं. पण कळलं म्हणून ते भाव चढवायचे नाहीत, म्हणायचे तिने एवढी मेहनत घेतलीय.

मी शाळेतून आलो की शेजारी बसायचो. एक बाई यायच्या, बटव्यात आतल्या आत पैसे मोजायच्या, बाहेर न काढता. मुलीच्या फ्रॉकला दीड मीटर पाहिजे आणि पैसे सव्वाचे. बाबांनी दीड मीटर मोजलं आणि वर चार बोटं सोडून कात्री लावली, तोंडाने म्हणाले "सव्वा झालं बघा". मी मोठ्याने म्हणालो बाबा दीड आहे. घरी आल्यावर ओरडले नाहीत, फक्त गज माझ्या हातात देऊन म्हणाले, मोजता येतं ते चांगलंय, कधी मोजायचं नाही ते पण शीक.

तो लोखंडी गज माझ्याकडे आहे. मधला भाग बोटांनी गुळगुळीत झालाय.

सुपारीचंखांड

दादा काय लिहिलंत हो. काकांना नमस्कार.

चहात_आलं

गिरणगावातला, माझे आजोबा पण गिरणीत, त्रासन खात्यात (सूतकताई), नायगावला राहायचे. संपानंतर गावी गेले सातारला ते कायमचेच. तुमची कुठली गिरणी?

गिरणगावातला

चहात_आलं, व्यनि (खाजगी निरोप) केलाय तुम्हाला.

पालेभाजी_वाटा

मला एक मनापासून लिहायचंय, राग मानू नका. साड्या भांडी ठीक आहे पण भाजीवालीशी मी भाव करणं सोडलं. आमच्याकडे तालुक्याला आठवडी बाजार. संध्याकाळी बाजार उठताना वाटे स्वस्त होतात कारण त्या बायकांना शेवटची एस्टी गाठायची असते, पाटीत राहिलेली मेथी परत नेऊन करणार काय. आम्ही लहानपणी मुद्दाम तेव्हाच जायचो, दहाचे दोन वाटे तीन करून घ्यायचो आणि आई खूष. मग बहिणीचं लग्न शेतकरी घरात झालं आणि ती पाटी घेऊन बसायला लागली. आता बाजार उठताना जाते पण सांगेल तो भाव देते.

रविवार_दुपार

+१. भाजीला भाव नाहीच करायचा. बाकी तुळशीबागेत मात्र सोडायचं नाही 😀 लेकीची पितळी भातुकली तिथलीच, राममंदिराच्या बाजूच्या बोळातली. जातं, चूल, बंब, पाटावरवंटा. ५५० सांगून ३८० ला दिली आणि मी निघाल्यावर मागून हाक मारून इवलीशी चिमटी आणून दिली, "राहिली होती ताई". लेक आता २३ ची, बंगलोरला, फ्लॅटमधे टीव्हीखाली मांडून ठेवलीय तिने.

डच_कोथिंबीर

आइंदोव्हनहून. इथे २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, त्या दिवशी कोणीही रस्त्यावर चादर टाकून घरातलं जुनं विकू शकतं. पोरंटोरं आपली खेळणी विकतात, हिशोब वहीत लिहितात. आम्ही नवीन होतो, हातात पैसे मोजके, नवरा म्हणाला नुसतं बघून येऊ. एका आजीकडे चादरीवर ओतीव लोखंडाचं जड काळं... आप्पेपात्र!! मी मराठीतच ओरडले. त्यांनी हातवारे करून सांगितलं की ह्यात पोफर्चेस करतात, छोटे गोड जाड डोसे म्हणा, वर लोणी आणि पिठीसाखर. ३ युरो म्हणाल्या. मला सवय, मी २ म्हणाले. त्यांनी २ घेतले आणि वर लोण्यासाठीचा एक ब्रश फुकट दिला.

खळगे आपल्यापेक्षा उथळ आहेत त्यामुळे आप्पे जरा चपटे होतात, पण काय रंग येतो! परदेशातला माझा पहिला गणपती, नैवेद्याचे गोड आप्पे त्यातच केले.

म्हापशेकर_वहिनी

आमचा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार! मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, सोलां, कांद्याच्या माळा. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी मी एकटी गेले आणि सुंगटां (सुकी कोळंबी) भलत्याच भावाने आणली, ओलसर होती ती वेगळंच, जुलैत वास सुटला. दुसऱ्या वर्षी शेजारणीने शिकवलं, मूठभर हातात घेऊन दाबायची, सुकी असली तर कुरकुर वाजतात आणि हाताला चिकटत नाहीत. तेव्हापासून आधी कान लावते मग भाव करते.

काटा_घड्याळ

एचएमटीवाले कोणी? चोरबाजारात शुक्रवारी पहाटे मिळालेलं चावीचं घड्याळ, ३०० रुपये, २००९ साल. तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आता कंपनीचा घड्याळांचा कारखाना बंद झाल्यावर (२०१६) सगळे शोधतात. नवीन घेणाऱ्यांना एकच सांगणं, गडद चकचकीत रंगाची तबकडी आणि बाहेरची केस जुनी असेल तर तबकडी बहुतेक नंतर छापून बसवलेली. मूळ तबकडी थोडी पिवळसर झालेली असते. मागचं झाकण उघडून दाखव म्हणायचं, खरा विकणारा लगेच उघडतो. रोज सकाळी चावी देतो, बाबांची सवय होती तशी, चहाच्या आधी.

आंबटचुका

पितळेची पण परीक्षा सांगते, पर्समधे छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. मी एकदा समई अशी फसून घेतलीय, ८०० रुपये गेले, दोन दिवाळ्यांत पाय गंजला. फार वाईट वाटलं कारण आईला भेट द्यायला घेतली होती.

नाशिकची_द्राक्षं

पैठणीचं पण तसंच, पदर उलटून बघायचा. हातमागाची असेल तर नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, मशीनची असली की मागे धागे लोंबतात. येवल्यात विणकरानेच सांगितलं. घेतली नव्हती तेव्हा, बजेट नव्हतं, तरी अर्धा तास बसवून दाखवलं त्यांनी. पुढच्या वर्षी त्यांच्याकडूनच घेतली आणि भाव नाही केला.

साळुंकी_ठाणे

कल्हईवाला??

काटा_घड्याळ

साळुंकी, पुण्यात चालेल का? कसब्यात तांबट आळीत विचारा, तिथे भांडी ठोकणारे आहेत, ते सांगतील.

सुपारीचंखांड

कुकर झाला, जेवणं झाली, भांडी झाली, आले.

माळ्यावरची ताई, सोऱ्याच्या चकत्या किती आहेत तुमच्याकडे? माझ्या आईचा पितळी सोऱ्या होता, दांडा तुटला म्हणून मोडीत दिला पण चकत्या काढून ठेवल्यात मी, उगाच, टाकवेना.

माळ्यावरची

दोनच आल्या होत्या, चकलीची आणि बारीक शेवेची. पापडीची, ती लांबट चिरेची, नव्हती. सासूबाई ती कितीतरी वर्षं शोधत होत्या. बुधवारी बाजारात गेल्या की पहिला प्रश्न तोच. एकदा मिळाली पण बसली नाही, सैल.

सुपारीचंखांड

माझ्याकडे पापडीची आहे!! मोजून सांगा ना, आडवी किती भरते.

माळ्यावरची

फूटपट्टी शोधतेय थांबा

पोस्टकार्ड

मी पण थांबलेय 😄

माळ्यावरची

बरोब्बर साडेपाच सेंटिमीटर. कडेला एक छोटी खाच आहे.

सुपारीचंखांड

साडेपाचच आहे. खाच पण आहे, थोडी वेगळ्या जागी, बसायला हवी. मी चिंचवडला असते, रविवारी जुन्या बाजारात येऊ का? बघू तरी काय आहे तो बाजार, कधी आले नाही मी. सोऱ्या घेऊन या, तिथेच लावून बघू.

माळ्यावरची

अगं ये ना!! दहाला ये, ऊन चढायच्या आत. पहिल्या घाण्याच्या चकल्या डब्यात आणते तुझ्यासाठी. आणि काही आवडलं तर आधी हात लावू नकोस हां.