मदत हवी आहे: पॅलेटचं जड, लालसर, चिकट लाकूड नेमकं कोणतं? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) भंगारवाल्याकडून यंत्राच्या पेटीखालच्या पॅलेटचे, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचे, चार दांडे घेतले आहेत, प्रत्येकी 1200 × 90 × 90 मिमी. वरून करडे, रंधा मारल्यावर लालसर तपकिरी. गाठी नाहीत, रेषा सरळ. करवतीच्या पात्याला चिकट थर बसतो, रॉकेलने पुसावा लागतो. एका दांड्यावर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का, त्यात ‘आयडी’ आणि ‘एचटी’. 10 × 5 × 4 सेंमीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर 152 ग्रॅम भरला. एक सुतार म्हणतो मलेशियन साल, दुसरा म्हणतो शिसव. दोन पाट आणि एक पोळपाट करायचा विचार आहे. फोटो जोडले आहेत. लाकूड कोणतं, आणि या कामाला चालेल का?

प्रतिसाद 1

फोटो फळीच्या अंगाचे आहेत. लाकूड ओळखायचं ते आडव्या छेदावरून, म्हणजे दांडा आडवा कापल्यावर दिसणाऱ्या तोंडावरून. रंगावर जाऊ नका, ऊन-पाऊस खाल्लेलं कुठलंही लाकूड करडंच दिसतं.

शिक्क्यातलं ‘आयडी’ म्हणजे इंडोनेशिया. पण ते उष्णता-प्रक्रिया झालेल्या देशाचं नाव आहे, झाड तिथलंच असेल असं नाही. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. तिथे ‘एमबी’ असतं तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असती. तसला माल घरात आणूच नये. बाकीच्या तीन दांड्यांवर शिक्का नसेल तर ते एकाच पेटीचे आहेत असं धरून चालू नका, प्रत्येकाचा छेद वेगळा घ्या.

तुमचा तुकडा 200 घन सेंमी, म्हणजे घनता 0.76 ग्रॅम प्रति घन सेंमी. चीड (पाइन) साधारण 0.5, साग 0.65च्या आसपास, म्हणून ते दोन्ही बाद. शिसव, निलगिरी, साल मात्र अजून शर्यतीत आहेत. ‘मलेशियन साल’ हे वखारीतलं नाव आहे, एका झाडाचं नव्हे. त्या नावाखाली वेगवेगळी लाकडं विकली जातात.

आता छेद. टोक तडकलेलं असतं, म्हणून तिथून 3 सेंमी आत करवतीने कापा. मग कटरचं कोरं पातं लावून त्या तोंडावरचा सेंटिमीटरभर चौकोन एका ओढीत, कागदासारखा पातळ छिलून काढा. खरवडू नका आणि पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका, भुश्याने छिद्रं बुजतात आणि मग सगळीच लाकडं सारखी दिसतात. थेंबभर पाणी लावून उन्हात 10 पट भिंगाने पाहा.

वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असेल तर साग. छिद्रं तिरक्या ओळींत असतील तर निलगिरी. चिकटपणावरून मला मात्र राळेच्या नळ्या सापडतील असं वाटतं, आणि त्या शिसवीत नसतात. त्या वलयाला समांतर, लांब अखंड पांढऱ्या रेघेत असतील तर साल किंवा त्याचे भाऊबंद. दोन-चार ठिपक्यांच्या तुटक कमानी असतील तर केरुइंग, म्हणजे प्लायवुडवाले ज्याला गर्जन म्हणतात त्याच वंशातलं. ताज्या कापाला कापराचा वास येतो का तेही पाहा. तसा वास येणारं इंडोनेशियाकडचं एक लाकूड आहे, त्याच्या नळ्याही लांब रेघेत असतात.

प्रतिसाद 2

रंधा मारण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, उपटताना डोकं तुटतं आणि बाकीचा खिळा आतच राहतो. तेलाचे डाग असलेला भाग कापून टाका, रंध्याने डाग वर-वर जातो, तेल आत राहतं. भुश्यासाठी एन-95 मास्क लावा.

प्रश्नकर्ता

चारही दांड्यांचे छेद सारखे आहेत. छिद्रं मोठी, एकेकटी, विखुरलेली. मधे फिकट ठिपक्यांच्या तुटक ओळी, कुठे दोन ठिपके, कुठे पाच. कापराचा वास नाही. तुकडा दुपारी गच्चीवर ठेवला, दोन तासांत छेदावर मधासारखे थेंब आले.

प्रतिसाद 1

मग केरुइंगच. या वंशात सुमारे 70 प्रजाती आहेत, भिंगाने त्या वेगळ्या काढता येत नाहीत आणि पाटासाठी त्याची गरजही नाही.

पाट जरूर करा, पण हे लाकूड आकसतं फार. आधी 25 मिमीच्या फळ्या पाडा, मधे समान जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा. दर आठवड्याला त्याच एका फळीचं वजन करा; लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की काम सुरू. जोडायच्या कडा थिनरने पुसून लगेच गोंद लावा, नाहीतर राळेचा थर परत येतो आणि सांधा सुटतो. खालच्या आडव्या पट्ट्यांना गोंद नकोच: मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट. पट्टी पूर्ण चिकटवली तर पावसाळा-उन्हाळ्याच्या एका फेऱ्यात पाट मधोमध फुटतो. वर आधी लाखेचं पॉलिश द्या, ते राळ अडवतं. तरीही पाट उन्हात ठेवू नका.

पोळपाट मात्र यातून करू नका. राळ पिठाला लागेल, आणि त्या पेटीवर काय सांडलं होतं ते छेद सांगत नाही. त्यासाठी वखारीतून शिसवीचा नवा तुकडा घ्या.